भाड्याच्या गाडीवर बानूबाईची पुण्याई

मु. नाशिक (तूर्त),
मंगळवार

तीर्थरूप ईश्वरमामांना राहूच्या संपतचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि आमच्या अपेक्षाला आशीर्वाद (वयानं लहान म्हणून मी द्यायचा, नाहीतर अक्कल पाहता तिनंच मला द्यायला हवा). मी आणि सुषमा इकडे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीनं. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडं बघत बसता, हे खरं खरं कळवा. वेल्डिंग करताना काळा चष्मा लावत जा. आता फोन असताना या पोरानं पत्र कशाला लिहिलं असं तुम्हाला वाटेल. मामा, तुमचा फोन मामी उचलतात आणि उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतात. मागं एकदा मला थंडीताप आल्याचं तुम्हाला सांगितलं, तर दिवस मावळायच्या आत राहूहून आईनं फोन करून विचारलं की दवाखान्यात किती दिवस ठेवणार आहेत. आजची गोष्ट एकट्या तुमच्याच कानावर जायला हवी, म्हणून पत्र, आणि तेही घराच्या नव्हे, दुकानाच्या पत्त्यावर.

अपेक्षाच्या लग्नाची पत्रिका पोचली. छान छापली आहे. निमंत्रकांच्या यादीत सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांच्या लगेच खाली 'श्री. संपत, वाहन उद्योजक, नाशिक' असं वाचून हा कोण मोठा माणूस म्हणून मी दोनदा बघितलं. मजकूर आमच्या आण्णांनी सांगितला असणार, हे कळायला ज्योतिषी नको. त्याखाली तुम्ही पेननं लिहिलंय की नवरीसाठी तुझीच गाडी, आण्णांनी शब्द दिलाय.  आधी ठरवलं होतं की गाडी सर्व्हिसिंगला आहे असं कळवावं. मग गिअरबॉक्स गेला असं कळवावं. पण तुम्ही लोखंडातला माणूस, चार प्रश्नांत मला पकडलं असतं. तेव्हा सरळच सांगतो. मामा, ती गाडी माझी नाही. भाड्याची आहे. आणि रविवारी, लग्नाच्या आधीच, ती मालकाला परत जाणार आहे.

हे कसं झालं ते सांगतो, रागावू नका (रागावलात तरी पत्र पुरं वाचा). पाटसच्या कारखान्यातलं माझं काम हंगामापुरतं, आणि रांजणगावच्या कंपनीतलं ठेकेदाराची मर्जी असेपर्यंतचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही एकदम संपली. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पाबळला ये, माझ्या हाताखाली वेल्डिंग शिक. मी म्हणालो, मामा, मला नाही ते ठिणग्यांत बसायला जमायचं. काय बुद्धी झाली कोण जाणे. आज वाटतं, तेव्हा ठिणग्यांत बसलो असतो तर बरं झालं असतं. नाशिकला एक शेठ आहेत, त्यांच्या चौदा गाड्या. रोजाचं भाडं द्यायचं, गाडी घ्यायची, मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप टाकायचं आणि फिरायला आलेल्या माणसांना रामकुंड, त्र्यंबक, द्राक्षाचे मळे असं हिंडवायचं. ऐकायला सोपं वाटलं. मी पांढरी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी, एका दिवसासाठी म्हणून, सुषमाला बरोबर घेऊन ती राहूला दाखवायला नेली.

सगळा घोळ त्या एका दिवसाचा, आणि त्यातही एका शब्दाचा. मी अंगणात उतरलो आणि म्हणालो, आण्णा, गाडी घेतली. एवढंच. यात खोटं काय आहे सांगा? घेतलीच होती, चालवायला. पण आपल्याकडं 'घेतली' म्हटलं की माणसं 'विकत' हा शब्द आपल्या पदरचा घालतात. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या तुळजाबाई हळदीकुंकू घेऊन आल्या. आण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. मामा, आण्णांनी माझ्या पाठीवर असा हात शेवटचा कधी ठेवला ते मला आठवत नाही (ठेवलाच असेल तर मी झोपेत असताना).  म्हटलं, संध्याकाळी सांगू.

संध्याकाळी आण्णा स्वतः पुढच्या सीटवर बसले, वरची कडी घट्ट धरली आणि म्हणाले, चौफुल्याला घे. तिथं एक रेडियमवाला आहे, गाड्यांवर चमकती अक्षरं चिकटवतो. तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे. आजोबांच्या काळापासून दुसऱ्याच्या कळपात मिसळू नये म्हणून आपल्या मेंढराला खूण करायची. मेंढरं गेली, शेती आली, पण आण्णांची खूण काही सुटली नाही. आमचं घमेलं, आमची पाण्याची मोटर, एवढंच काय, आमची प्लॅस्टिकची खुर्चीसुद्धा गावात कुठंही ओळखू येते. रेडियमवाल्यानं विचारलं, मागच्या काचेवर काय टाकायचं? मला वाटलं, देवाचं नाव सांगतील, नाहीतर स्वतःचं. आण्णांनी खाली बघितलं, दोनदा खाकरले आणि हळूच म्हणाले, "बानूबाईची पुण्याई."

मामा, पंचेचाळीस वर्षांत या माणसानं तुमच्या बहिणीला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली आहे का? 'अगं', 'ऐकलं का', आणि चिडले तर 'पाबळकर'. रेडियमवाल्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. चालवायला घेतलीय, आण्णा, भाड्यानं. चारच शब्द, पण मी खिशातून पैसे काढून रेडियमवाल्याच्या हातावर ठेवले. घरी आल्यावर आईनं सुषमाकडून अक्षरं वाचून घेतली. म्हणाली, माझं कशापायी, मी काय केलंय? आणि पदरानं काच पुसत कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. गाडीत बस म्हटलं तर बसली नाही, अपेक्षाच्या लग्नाला बसंन म्हणाली.

मग नाशिक. इथं त्या काचेनं माझे जे हाल केले ते काय सांगू. कुणी मोबाईलमध्ये 'संपत' वाचून समोर 'बानूबाई' बघितलं की गाडी चुकली म्हणून पुढं चालू लागतं. एक बाई एकट्या होत्या, बाईमाणूस चालवतंय म्हणून हसत हसत आल्या आणि माझी मिशी बघून आल्या पावली परत गेल्या. हॉटेलचा रखवालदार वहीत माझं नाव बानूभाई लिहितो. एक आजोबा मात्र आपल्याकडचे निघाले, काच वाचून म्हणाले, बानूबाई मागं बसली, मग म्हाळसा कुठंय? त्या दिवशी मी फार दिवसांनी हसलो. पण बाकीचा दोष काचेचा नाही, माझाच. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, 'लांब का' म्हणावं, हे आईनं लहानपणी चापट मारून शिकवलेलं. आणि हा धंदा सगळा 'कुठं'वर चाललेला. इथले बाकीचे ड्रायव्हर फोन लागताच विचारतात, कहाँ जाना है? माझ्या तोंडून आपलं निघतं, लांब का? एका सुरतेच्या शेठजींना वाटलं मी लांबचे जादा पैसे मागतोय. त्यांनी तक्रार केली. द्राक्षाच्या मळ्यात जाणारी पोरं मला विचारत, अंकल, पायानं द्राक्षं तुडवायला किती मजा येते माहितीय? मी म्हटलं, घर बांधताना आम्ही महिनाभर पायानं चिखल तुडवला, तेव्हा कुणी तिकीट लावलं नव्हतं. त्यांनी एकच तारा दिला (पाचपैकी. हे तारे मोजून कंपनी आपली लायकी ठरवते).

शेवटचं निमित्त सखूबाईंचं. त्र्यंबकच्या रस्त्याला भर उन्हात करवंदांची पाटी घेऊन उभी असलेली म्हातारी. मागं दोन पाहुणे बसलेले, पुढची सीट रिकामी. मामा, आपल्याकडं रिकामी सीट घेऊन म्हातारं माणूस मागं टाकून जाणाऱ्याला गाव काय म्हणतं? हात आपोआप ब्रेकवर गेला (म्हणजे पाय). सखूबाई बसल्या, पाटीतल्या करवंदांतली मूठमूठ पाहुण्यांना दिली, मी कुणाचा कोण ते विचारलं आणि वाटेत उतरून गेल्या. पाहुण्यांनी करवंदं खाल्ली आणि तक्रारही केली. कंपनी कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेली. उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं, आमच्या घरात शेळ्या पायी चालून हाकतात. कुणी काही विचारलं नाही, सवरलं नाही, माझं खातं बंद झालं. शेठ म्हणाले, काम नाही तर गाडी रविवारी आणून लाव. आणि ती काच साफ करून आण, माझ्या गाडीवर तुझी आई कशाला?

त्यांचं काय चुकलं? काही नाही. तेच मला लागलंय, मामा. आमच्या आण्णांनी आयुष्यात एक मेंढरू, एक कोंबडी दुसऱ्याची आपली म्हटली नाही. एकदा चुकून दुसऱ्याच्या कोकराला खूण झाली तर सात कोस चालत जाऊन माफी मागून आले होते, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. त्या माणसाच्या हातून मी दुसऱ्याच्या मालावर खूण करवली, तीही आईच्या नावाची. फसवायचं म्हणून नाही, त्यांचा तो हात बॉनेटवरून उचलला जाऊ नये म्हणून. फार वाईट वाटतं. चार दिवस झाले, ब्लेड घेऊन गाडीमागं जातो आणि तसाच परत येतो.

लग्नाला आम्ही दोघं येतोच आहोत, शिरूरच्या एसटीनं. मांडवात वाढायला, पाणी द्यायला, काय सांगाल ते करीन. लग्न झालं की दुकानात ठेवून घेणार असाल तर ठिणग्यांचं आता काही वाटणार नाही. मामींना हे पत्र दाखवू नका. गुडघ्याला तेल लावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
संपत

ता. क. खरं काम राहिलंच. मामा, आण्णा जगात दोन माणसांचं ऐकतात, एक देवाचं आणि दुसरं तुमचं. तुम्ही एकदा राहूला जाऊन त्यांना एवढंच सांगाल का, की नवरदेवाकडच्यांनीच स्वतःची मोठी गाडी ठरवली, संपतच्या गाडीची गरज नाही? म्हणजे गाडी का आली नाही हा प्रश्नच येणार नाही. पुढचं पुढं बघू. तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणूनच तुम्हाला सांगतोय, दुसऱ्या कुणाचं त्यांना पटणार नाही.

ता. क. दुसरी. हे पत्र पाकिटात घालताना सुषमाच्या हाती लागलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. एक खोटं झाकायला आता मामांनापण खोटं बोलायला लावताय व्हय, एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. लावलेलासुद्धा होता. तेव्हा वरची ता. क. रद्द समजा, राहूला जाऊ नका. मी आण्णांना सगळं सांगितलं. भाड्याची म्हणून सांगितलं, तेव्हाच सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं, चुकलो म्हणालो.   ते म्हणाले, "गरम पाण्याचं फडकं लाव, आन् मग हळू काढ. ब्लेड लावू नको. काच लोकाची हाय." आणि ठेवला. सुषमानं पाणी तापायला ठेवलं आहे.