तसबिरीतली मिशी

अण्णा, शेवटी या लोकांनी तुम्हाला मिशी लावली. चांगली झुपकेदार, टोकं वर पिळलेली. डोक्याला जरीचा फेटा, खांद्यावर उपरणं, आणि खाली सोनेरी अक्षरांत तुमच्या नावापुढं ‘कलाभूषण’ असं एक शेपूट. तुम्हाला रंगमंचावर पाहिलेली माणसं आता गावात शोधून सापडत नाहीत, तेव्हा कुठं यांना तुमची आठवण झाली. जित्यापणी माणूस पाण्याला महाग आणि मेल्यावर त्याच्या ताटाला चांदीची वाटी, अशातली गत. बरं, वाटी ठेवली तर ठेवली, निदान ताटावर बसलेला माणूस तरी तोच असावा की नाही?

त्याचं असं झालं. दिवाळीनंतरच्या थंडीत मी दारात उन्हाला विड्या वळत बसले होते. दोघंजण आले. एक सत्कार समितीचे अध्यक्ष, डाळीचे आडतदार, पोट आधी आत येतं आणि माणूस मागनं. दुसरे चिटणीस, कॉलेजात शिकवतात म्हणे, बोलताना दर वाक्याला चष्मा पुसतात. “मावशी,” अध्यक्ष म्हणाले, “आपल्या सोलापूरच्या कलावंतांचा गौरव करतोय आमी. हयात असलेले, गेलेले, समद्यांचा. तुमच्या वडलांचं नाव घेतलंय बघा. फोटो पायजे एक.” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सुनेला चहा टाकायला सांगितला आणि आपल्या घरात तुमचा जो एकच फोटो आहे, तो आणून दिला. तोच, खोपा घातलेला, नाकात नथ, पदर डाव्या हातावर झेललेला. अध्यक्षांनी तो बघितला, भक्तिभावानं कपाळाला लावला आणि म्हणाले, “आईसाहेब लई देखण्या होत्या हो! पण आमाला वडलांचा पायजे.”

“वडीलच हायेत ते,” मी म्हणाले.

निखारा हातात आल्यासारखा त्यांनी तो फोटो खाटेवर ठेवला. चिटणिसांनी चष्मा पुसला. “कसं आहे मावशी, कार्यक्रमाला मंत्री येणार आहेत. पुरुषाचा एखादा साधा फोटो असला तर...” मी म्हणाले, “पुरुषाचाच हाय की. नथ घातली म्हणून काय बाई झाला व्हय?” चुलीपाशी सून तोंडात पदर कोंबून हसत होती. मग अध्यक्षांची नजर भिंतीवर गेली. तिथं आज्जांचा फोटो, तालमीच्या दारात मांडी ठोकून बसलेले, मिशा कानाला भिडलेल्या. “हे कोण?” “माझे आज्जा. तालमीतले वस्ताद.” “व्वा! ह्याला म्हणायचं रुबाब! दोन्ही द्या की चार दिवस, तसबीर करायला लागतील.” मी दिले. मला वाटलं, घराण्याबद्दल काही सांगणार असतील. या बावळटांनी एक रंगारी धरला आणि तुमच्या डोळ्यांखाली आज्जांची मिशी चिकटवली. गावातल्या कुणाचीही मिशी चालली असती, अण्णा. नेमकी त्यांचीच.

मला तो दिवस अजून दिसतो. नाटक कंपनीतला नायिकेचं काम करणारा माणूस पळून गेलाय, गड्ड्याच्या जत्रेत खेळ लागलेला आहे, आणि तुम्ही गिरणीतनं सुटून थेट न्हाव्याकडं जाऊन आला आहात. तुमचा वरचा ओठ उघडा पडलाय, पांढराफटक, तिथं कधी ऊनच लागलेलं नव्हतं. मी हसते. आई हसत नाही. आपल्यात बाप गेला की मुलानं मिशी उतरवायची, बाप बसलेला असताना उतरवणं म्हणजे त्याला जिता जाळणं. आज्जा ओट्यावर बसलेत. ते तुमच्याकडं बघतात आणि हळू आवाजात विचारतात, “मी मेलो काय रं? अजून श्वास तर चालतोय माझा.” मग ते उठले, आडावर गेले आणि डोक्यावर पाणी ओतून घेतलं. तुमच्या नावानं आंघोळ केली त्यांनी, तुमच्या देखत. त्यानंतर एका ओसरीवर राहून बापलेक कधी एका पंगतीला बसले नाहीत.

तुम्ही मात्र ती मिशी परत येऊ दिली नाहीत. चुलीपुढं बसून तुम्ही भाषण पाठ करायचे आणि मी कागद धरायची. शाळा मला ठाऊक नाही, मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर, राण्या आणि दासींच्या बोलण्यातनं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “अवो राणीसरकार, जरा जाळ पुढं सारा की.” आणि तुम्ही मान तिरपी करून राणीच्या आवाजात, “दासी, भाकर करपतेय तुझी!” एकदा मी बाहेरनं रडत आले, पोरी म्हणाल्या होत्या हिच्या घरात दोन आया आहेत. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही डोळे वटारलेत. “यासाठी रडायचं न्हाय. म्या बाई नीट उभी केली न्हाय असं कुणी म्हणालं, तर तवा रड. मी बी रडेन तुझ्यासंगं.” माझ्या लग्नात मला लुगडं तुम्ही नेसवलंत. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या, आणि आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “माज्यापेक्षा त्यांच्या निऱ्या सरळ येत्यात. बोला आता.”

आणि आज्जा गेले तो दिवस. न्हावी वस्तरा घेऊन तुमच्यापुढं बसला, केस उतरवले, आणि ओठापाशी हात थांबला त्याचा. “काय काढू, अण्णा?” त्यानं विचारलं. जमलेल्यांत कुणीतरी फिस्स केलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “नुसता फिरव.” त्या कोऱ्या ओठावरनं त्यानं वस्तरा फिरवला, पाणी लावून, सावकाश, तिथं मिशी असल्यासारखा. मी आयुष्यात तुमचं पुष्कळ काम बघितलं, अण्णा, तसं दुसरं नाही.

हे सगळं त्या सत्काराच्या मंडपातल्या खुर्चीवर बसून मला आठवत होतं आणि समोर मेळा चालला होता. एक बाई गानरत्न झाल्या. त्यांचं गाणं कुणी ऐकलेलं नाही, पण यजमान मोठे कंत्राटदार आहेत. अध्यक्ष स्वतः संस्कृतिमहर्षी झाले. त्यांना तो मान चिटणिसांनी दिला आणि चिटणिसांना साहित्यभास्कर अध्यक्षांनी केलं, तू माझी पाठ खाजव मी तुझी. घराघरात माग खडखडणाऱ्या या गावात शाली परगावाहून आणलेल्या, आणि त्याही अशा पातळ की आतनं नारळाची शेंडी दिसावी. मग तुमच्या तसबिरीवरचा पडदा सरकला. चिटणीस म्हणाले, “आपल्या भारदस्त, पुरुषी अभिनयानं यांनी रंगभूमी गाजवली.” पुरुषी! मला वर बोलावून म्हणाले, दोन शब्द बोला. मी बोलले. “ह्यांना मिशी नव्हती. हे बाईचं काम करायचे, आणि त्यांच्यासारखी बाई ह्या गावात दुसरी झाली न्हाय.” आणि मग अध्यक्षांनी माझ्या हातातनं माईक काढून घेतला. “मावशी भारावल्यात. वडलांची आठवण आली, वय झालं की व्हतंय असं. जोरदार टाळ्या!” आणि टाळ्या पडल्या की हो. बाप बदलून दिला म्हणून टाळ्या. माझ्या हातात नारळ दिला, काखेत ती तसबीर दिली आणि मला मंचाच्या पायऱ्यांकडं वळवलं.

घरी आल्याबरोबर मी ती तसबीर भिंतीला तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सून बाहेर गेल्यावर रॉकेल आणि चिंधी घेऊन बसले. काच काढली. एक हात फिरवला की झालं, तुमचा ओठ तुम्हाला परत.

तुम्ही असता तर स्वतःच पुसायला माझ्याकडं चिंधी मागितली असतीत, म्हणून तुम्हालाच हे लिहायला बसले. लिहून कुठं टाकायचं हे मला ठाऊक नाही, टाकायचंही नाही. तुमच्या त्या खोट्या मोत्यांच्या नथीच्या डबीत हा कागद घडी घालून ठेवीन. पण तुमच्याशी खोटं बोलून निभत नाही, तुम्ही डोळ्यांवरनं ओळखायचे. चिंधी सुकून गेली, अण्णा. मी पुसली नाही. त्या नालायकांनी चुकून केलेलं ते काम, पण आज्जांनी जिवंत असेपर्यंत तुमच्या तोंडाकडं बघितलं नाही आणि आता त्यांची मिशी तुमच्या ओठावर येऊन बसलीय, जागची हलत नाही. आणि तुम्हाला ती लई शोभतीय.