थोरल्याचा वाटा

मी, सिपोरा एलिजा झिराडकर, माहेरची सिपोरा शलोम रोहेकर, वय वर्षे शहात्तर, जन्म रेवदंडा, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, आज डोकं ताळ्यावर आणि जीभ नेहमीइतकीच तिखट असताना हे लिहून ठेवते. मला कुणी धमकावलेलं नाही की लाडीगोडी लावलेली नाही. लावायची म्हटली तरी त्यासाठी कुणीतरी घरी यावं लागतं. वकिलांकडे पूर्वी करून ठेवलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. वकिलांनी याचं इंग्रजी खुशाल करून घ्यावं, पण अर्थावरून वाद झालाच तर हे मराठी खरं धरावं, कारण मला राग मराठीतच येतो.

ज्यांना आमची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या पूर्वजांचं गलबत किनाऱ्याजवळ फुटलं अशी आमच्यात कथा आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा गेली. तेल गाळून पोट भरलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली हे नाव दिलं. शनिवार राहिला, सुंता राहिली, खवल्यांचाच मासा खायचा हे राहिलं, आणि मटणात दूध-दही-तूप घालायचं नाही हेही राहिलं. रश्श्याला दाटपणा हवा असेल तर आमच्या बायका नारळाचं दूध घालतात. मटणाच्या जेवणानंतर खायचा हलवासुद्धा नारळाच्याच दुधाचा. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, माझ्या मुलाने ठेवलं नाही.

कलम १. माझे पती एलिजा वूस्टरच्या कारखान्यात डाय, म्हणजे लोखंडी साचे बनवायचे. त्यांची मोजमापाची सगळी हत्यारं, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली, तळघरातल्या हिरव्या पेटीत आहेत. ती माझी मुलगी लेआ हिला द्यावीत. ती शुगर लँडला तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहे, तिला त्यांची किंमत कळते. गंज चढू देऊ नये, बाप वरून बघतो.

कलम २. दारातला बर्फ उडवायचा स्नो ब्लोअर. तो कोपऱ्यावरच्या एकनाथरावांनी एका हिवाळ्यात मागून नेला आणि तिथेच ठेवून घेतला. तो मी त्यांना देते. त्यांनी आता लाजायचं सोडून समोरून जाताना मान वर करून चालावं.

कलम ३. नारळ खवायची माझी विळी शेजारच्या शोभनाची. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला तर सही तिचीच हवी. म्हणून विळी मी काल तिच्या घरी नेऊन दिली. या कलमाखाली आता काही उरलेलं नाही.

कलम ४. बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने लेआला. ती शनिवार पाळत नाही, काही पाळत नाही, पण दर शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावायच्या आत तिचा फोन येतो. हे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारीही तिचीच.

कलम ५. घर. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्यामागची हकीकत सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही.

माझा थोरला मुलगा रेऊबेन याला कॉलेजात असताना धर्माची ओढ लागली. मला आनंद झाला होता, खोटं का बोलू. एलिजाने त्याला आपल्या वडिलांची प्रार्थनेची शाल दिली. पण ज्या लोकांत तो उठू-बसू लागला त्यांना त्याने स्वतःची एक गोष्ट सांगून ठेवली होती: आईबाप बिचारे कुठल्याशा खेड्यातले, सगळं विसरलेले, मीच शोधत शोधत देवाच्या कायद्यापर्यंत येऊन पोचलो. गोष्ट चांगली आहे. मला ती व्याह्यांकडून कळली.

लग्न ठरल्यावर व्याही-विहीण पहिल्यांदा आमच्याकडे शुक्रवारी जेवायला आले. मी मटण बॉस्टनकडच्या कोशर, म्हणजे धर्माच्या नियमाने कापणाऱ्या खाटकाकडून आणलं होतं, भांडीसुद्धा नवी घेतली होती. मनुकांचं सरबत झालं, प्रार्थना झाली, मी रस्सा वाढला. तो दिसतो पिवळसर पांढरा. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला.

"इज देअर मिल्क इन धिस?" त्यांनी विचारलं. मला नाही, रेऊबेनला.

हा मुलगा लहानपणी नारळ फोडल्याचा आवाज आला की जिथे असेल तिथून धावत यायचा. पिळून झालेला चोथा साखर घालून खायचा. त्याने ताटाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. दे डोन्ट नो."

एलिजा म्हणाला, "वन मिनिट, सर, धिस इज ओन्ली—"

"डॅडी, नॉट नाउ. प्लीज." रेऊबेनने बापाच्या दंडावर हात ठेवला. मग उठला, पातेलं उचललं आणि सगळा रस्सा कचऱ्याच्या पिशवीत ओतला. पाहुण्यांनी सफरचंदं खाल्ली.

शोभना आमच्यातली नाही, नागपूरची आहे. दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून ती माझ्यावरच चिडली. "अगं पण तू का मूग गिळून बसलीस? कोकोनट मिल्क आहे म्हणायचं, विषय संपला असता यार."

मी म्हटलं, "मी बोलले असते तर पोरगा सासऱ्यासमोर खोटा पडला असता."

"मग पडू द्यायचा ना."

"आईला नाही जमत ते."

शोभनाने मग चहा केला. तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि रेऊबेनने तर कधीच काढला नाही. लग्नाआधी त्याने त्या लोकांच्या सांगण्यावरून तलावात बुडी घेऊन धर्मात नव्याने प्रवेश केला. फॉरमॅलिटी आहे मम्मी, म्हणाला. म्हणजे मी त्याला यहुदी म्हणून जन्माला घातलं नव्हतं, हे त्याने चारचौघांत कबूल केलं. त्या दिवशी एलिजा तळघरात गेला आणि जेवायला वर आलाच नाही. तेव्हापासून रेऊबेन या घरचं पाणीसुद्धा कागदाच्या पेल्यातून पितो, आणि पेला बरोबर घेऊन येतो.

त्याची मुलगी अदीना एकदा माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. मी हलवा थापत होते. तिने वास घेतला, बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "ग्रँडमा, अब्बा सेज आय कान्ट." आईबापाचा मान राख, ही दहा आज्ञांतली एक. मुलीने बापाचा मान राखला होता, मी तिला ती आज्ञा कशी मोडायला सांगू? ताट मी उचलून कपाटावर ठेवलं. तो कायदा मी पाळला, त्या दिवशी त्या घरात तो पाळणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

एलिजा गेल्यावर मी न्यूयॉर्कच्या एका म्हाताऱ्या राब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, फोन केला. नाव सांगितलं नाही, नुसतं विचारलं, की मांस नारळाच्या दुधात शिजवलं तर चालतं का. ते हसले. म्हणाले, जुन्या शास्त्रात बदामाच्या दुधाचा दाखला आहे. त्यात मांस शिजवलं तर शेजारी बदाम मांडून ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होत नाही. मी म्हटलं, "आणि नारळाचं?" ते म्हणाले, "मग मॅडम, टेबलावर करवंटी ठेवा." म्हणजे शास्त्राला माझा रस्सा ठाऊक होता. माझ्या पोटच्या पोराला तो ठाऊक नव्हता.

मग मी धर्माचं मूळ पुस्तकच उघडलं. चाळीस वर्षं औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत; काय लिहिलंय आणि कशासाठी लिहिलंय, ह्यांतला फरक मला कळतो. ज्या वाक्यावरून माझा रस्सा ओतला गेला ते वाक्य असं आहे: करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. त्याच पुस्तकात आहे की गाय आणि तिचं वासरू एका दिवशी कापू नये. घरट्यात पिलं सापडली तर आईला आधी उडून जाऊ द्यावं. शेकडो वर्षं पंडितांनी या वाक्यांभोवती कुंपणं घातली, दुधाचं वेगळं, मांसाचं वेगळं, म्हणून दोन सिंक, दोन फडकी, दोन कपाटं. माझं त्याला काही म्हणणं नाही, मीही पाळते. पण कुंपणाच्या आत काय आहे ते कुणीतरी डोकावून बघायला नको का? आत आई उभी आहे. देवाने शेळीच्या काळजाचा विचार केला, आणि त्याच्या नावाने माझ्या मुलाने मला माझ्याच स्वयंपाकघरात अडाणी ठरवलं.

हा कायदा कुणाला दिला होता? मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून नुकत्याच सुटलेल्या गुलामांना. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ऊठ म्हटलं की उठायचं, थाप विटा म्हटलं की थापायच्या. देवाने त्यांना सांगितलं, सातव्या दिवशी तुम्हाला कुणी ऊठ म्हणायचं नाही, तुम्हीही तुमच्या गड्याला, बैलाला, दारातल्या परक्याला म्हणायचं नाही. शेताचा कोपरा कापू नका, तो विधवेचा. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य बुडायच्या आत परत द्या, रात्री तो काय पांघरेल? शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर वळसा घालून जाऊ नका, हात लावा. माझ्या मते हे सगळे नियम नावडत्यांसाठी आहेत. आवडत्या माणसाचं गाढव उठवायला सीनाय पर्वतावर गडगडाट करायची गरज नव्हती.

आता घराबद्दल. आधीच्या मृत्युपत्रात मी ते लेआला दिलं होतं. ते मी रागाने दिलं होतं, आणि तो राग अजून आहे तसाच आहे. लेआला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, मला नको. बट डोन्ट गिव्ह इट टू हिम आयदर. सिनेगॉगला डोनेट कर."

"ते प्रार्थनागृहातले लोक आधी मी यहुदी असल्याचे कागद तपासतील," मी म्हटलं.

"मग विकून टाक. समथिंग. तो डिझर्व्ह नाही करत, मम्मी."

करत नाहीच. पण त्याच पुस्तकात आणखी एक नियम आहे, आणि तो वाचल्यापासून मला झोपेचं सुख नाही. एखाद्याला दोन बायका असतील, एक आवडती, एक नावडती, आणि थोरला मुलगा नावडतीचा असेल, तर वाटणी करताना त्याने आवडतीच्या मुलाला थोरला करू नये. थोरल्याचा दुप्पट वाटा थोरल्यालाच जावा. पळवाटा मलाही दिसतात. हा नियम बापांना सांगितला आहे, आईला नाही. नावडती बायको म्हटलंय, नावडता मुलगा नाही. व्याह्यांना विचारलं तर अशा आणखी चार काढून देतील. पण चिठ्ठी कशासाठी लिहिली ते मला कळतं: वाटा हा मायेवर अवलंबून ठेवू नका, माया आटते.

म्हणून हे घर, जमिनीसकट, बिनशर्त, माझा थोरला मुलगा रेऊबेन याला. व्याह्यांसमोर उभं राहून त्याने 'आईचा रस्सा कोशर होता' असं म्हणावं, ही अट मी घातली होती. वकिलांनी ती टाइपही केली होती. मी ती खोडायला लावली. अट घातली असती तर तो बोलला असता, घरासाठी बोलला असता, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. हे घर मी त्याला प्रेमाने दिलं असं त्याने कुणाला सांगू नये. कायद्याने दिलं. ज्या कायद्यापर्यंत तो शोधत शोधत पोचला, तो मी रेवदंड्याहून घेऊन आले होते.

कलम ६. देह. एलिजाशेजारची जागा घेतलेली आहे, तिथे पुरावं. साधी पेटी, फुलं नकोत. कद्दीश, म्हणजे मेलेल्या आईबापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, म्हणायची की नाही ते रेऊबेनने ठरवावं, मी मागणार नाही.

आमच्यात सुतकाचं पहिलं जेवण घरच्यांनी शिजवायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं असतं. शोभना आणेल. अख्खी फळं आणि बंद डब्यातले पदार्थ आणायला तिला सांगून ठेवलं आहे, म्हणजे रेऊबेनलाही ते चालेल. 'आईच्या हातचं मला चालत नाही' असं त्यानंतर त्याला कुणाला सांगावं लागणार नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं आणि सही केली.

सही: सिपोरा एलिजा झिराडकर

आम्ही खाली सही करणारे सांगतो की सिपोराबाईंनी या लेखावर आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीवर असताना आणि स्वेच्छेने सही केली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार: १. शोभना मनोहर वैरागडे
२. मनोहर दिनकर वैरागडे

स्थळ: श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
दिनांक: २१ मे २०२५, बुधवार