बेबीची जागा

९ फेब्रुवारी

जागा सुटली! निवासातून फोन आला, दुपारी, कामावर असताना. अर्ज केला तेव्हा आई होती. ती गेली, अर्ज राहिला. मी तर विसरूनच गेले होते—असं लिहिणार होते. खोटं. दर महिन्याला फोन करत होते.

बोलणारी समाजसेविका होती. आवाज तरुण. "तुमच्या बहिणीसाठी एक खोली रिकामी होतेय. सहाजणींचं घर आहे, मदतीला माणसं असतात. आधी भेटू. मग दोन दिवस राहून बघू दे. मग ठरवू." मी नुसतं हो हो म्हटलं. हातात शाळेच्या भूगोलाची प्रूफं. फोन ठेवला आणि एक अख्खं पान वाचलं, एक चूक सापडली नाही. परत वाचलं—एका पानात दोनदा नदी उलटी वाहत होती.

बेबीला अजून सांगितलं नाही. सांगितलं की दर तासाला विचारेल. ती जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिची समज मागे राहील. खरं नाव आईनं चांगलं ठेवलं होतं, पण चिकटलं ते बेबी. त्रेचाळीस वर्षांची बेबी.

११ फेब्रुवारी

दमले. बाकी काही नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी बेबीला कार्यशाळेत सोडायला स्वतः गेले, तिला न्यायला येणारी गाडी बंद पडली होती. ती तिथे कागदी पिशव्यांना दोऱ्या ओवते. दारात नेहमीची मंडळी. बातमी माझ्याआधी पोचलेली.

"नशीब काढलंत हो!" एक आई म्हणाली. हेवा लपवलासुद्धा नाही. मला ते आवडलं.

एक म्हातारे वडील येतात, मुलगा त्यांच्याहून हातभर उंच. त्याच्या मफलरची गाठ मारता मारता म्हणाले, "तुम्ही सुटलात. मला मरायचीसुद्धा सोय नाही. रजाच मंजूर होत नाही." सगळे हसले. मुलगा सगळ्यात मोठ्यानं.

सगळ्यांचा प्रश्न तोच—आपल्यामागं कोण? मला आता उत्तर मिळालंय. मिळाल्यासारखं वाटत मात्र नाही. गुडघा दुखतोय, त्यामुळे असेल.

२३ फेब्रुवारी

अपंगत्वाचा दाखला नवा काढायचा होता. दिवस त्यात गेला.

आता यातली गंमत अशी. दाखल्यावरची टक्केवारी कमी झाली तर कार्यशाळेची गाडी बंद, आणि सकाळी बेबीला आवरायला येणाऱ्या मावशीही बंद. म्हणजे डॉक्टरांसमोर बेबीला काही येता कामा नये. निवासाला उलट हवं. तिथे अंघोळ, कपडे, जेवण आपलं आपल्याला आलं पाहिजे. एकाच बाईला एका दारात काही येत नाही, दुसऱ्या दारात सगळं येतं!

मावशींनी निघताना तिला बजावलं, "बेबी, डॉक्टरपुढं शहाणपणा करायचा नाही हं आज."

"करीन," बेबी म्हणाली.

केला. डॉक्टरांनी विचारलं, बटणं लावता येतात का? ही उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावून टाकली. गळ्यापर्यंत. डॉक्टर बिचारे मान ताठ करून बसले. "अरे वा! छान येतंय की!"

मी घाईघाईनं म्हटलं, "तिला वार सांगता येत नाही."

"येतो!" बेबी म्हणाली. "मंगळवार!"

आज सोमवार. देव पावला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, पण चूक सापडल्यावर इतका आनंद कधी झाला नव्हता. टक्केवारी तेवढीच राहिली. बाहेर आल्यावर बेबीनं दोनदा विचारलं, "पास?" म्हटलं, पास.

२४ फेब्रुवारी

ती आज सबंध दिवस मंगळवार म्हणत होती. आज बरोबर होतं.

४ मार्च

निवासात भेट. काल रात्री तिला सांगून टाकलं होतं, त्यामुळे पहाटेपासून बूट घालून बसलेली.

समाजसेविका दारापर्यंत आली. बेबीकडे बघून तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली, पुढे ताई लावून. "या, बसा." मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून! बेबी मात्र सरळ जाऊन बसली. समाजसेविका मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? आम्ही दोघी बोलतो."

बाहेर थांबले. बाकावर. आत हसणं चाललेलं. घरात तिचं असं हसणं ऐकलेलं नाही, की लक्ष दिलं नव्हतं? दोघी बाहेर आल्या तेव्हा विचारलं, काय बोललात? "ते त्यांचं नि माझं," समाजसेविका हसून म्हणाली. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी तरी लहान असेल. तिचं चुकलं काहीच नाही. तरी राग आला.

खोली पाहिली. लहान. पलंग, कपाट, खुर्ची. समोर रस्त्यापलीकडे कपडे धुण्याचं दुकान, गोल काचांच्या यंत्रांची रांग. बेबी खिडकीशी गेली ती हलेचना. यंत्रं फिरत होती, एक निळी चादर वर यायची, खाली जायची. खिडकी कशी उघडायची ते समाजसेविकेनं तिला दाखवलं. कडी जाम आहे, आधी वर ओढायची, मग ढकलायची. तिनं चार वेळा उघडून बंद केली.

घरी येताना: "माझी खोली." मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "माझी."

१३ मार्च

बेबीला दोन दिवसांसाठी सोडून आले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. रडेल म्हणून रुमाल दोन घेतले होते.

तिथून सरळ कामावर. संध्याकाळी आवरताना शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आम्ही सगळ्या नाटकाला चाललोय. येता?"

मी म्हटलं, "नको गं. घरी बहीण आहे."

ती थांबली. "अहो, आज कुठं आहे? तुम्हीच सकाळी सांगितलंत ना!"

पिशवी उचलली. म्हटलं, गुडघा.

हेच वाक्य किती ठिकाणी वापरलंय. बदली, बढती, लांबची लग्नं, आजाऱ्याला भेटायला जाणं. एकानं मला मागणी घातली होती, त्यालाही हेच. तो बिचारा म्हणाला होता, असू दे की, तिलाही आणू. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१४ मार्च

आज मोकळा दिवस. झोपेन म्हटलं होतं. पडून राहिले.

अंड्याचं सूप केलं, ओतून दिलं. खालची शेजारीण जिन्यात भेटली, "कशी आहे बेबी?" म्हटलं, ती तिकडे आहे. "हो का? बरं बरं." आणि गेली! आमचं बोलणं तिथेच संपलं. वीस वर्षांची ओळख. ती मला कशी आहेस असं कधी विचारत नाही, हे आज कळलं. तिचीही चूक नाही. मी सांगितलंच काय असतं?

१५ मार्च

आणायला गेले. बेबी इतर पाचजणींबरोबर मटार सोलत बसलेली. मला बघून हात हलवला आणि पुन्हा सोलायला लागली.

भांग उलट्या बाजूला. स्वेटरची बटणं एकाआड एक चुकलेली. तिथल्या मदतनीस बाईंना म्हटलं, "बघितलंत का हे?"

"त्यांनी स्वतः लावलीत," त्या म्हणाल्या. "आम्ही हात लावू दिला तर ना!"

मी तिथेच सोडून पुन्हा लावली. बेबी तशीच उभी राहिली. घरी आल्यावर तिनं सगळी सोडली आणि आपली आपण लावली. पुन्हा चुकीची.

२० मार्च

फोन. जागा बेबीची. "पुढच्या शुक्रवारपर्यंत नक्की कळवा, मग तयारी करू." अभिनंदनही केलं.

मावशींना सांगितलं. त्यांचं काम जाणार, तरी आधी खूश झाल्या. "अक्का, आता जरा स्वतःकडं बघा." म्हटलं, बघू. "बघायला आधी आरसा पुसावा लागेल तुमचा," म्हणाल्या आणि खरोखरच फडकं घेऊन न्हाणीघरात गेल्या.

२३ मार्च

बेबीनं पिशवी भरली. दोन झगे, कंगवा, आईचा फोटो, टीव्हीचा रिमोट. रिमोट काढून घेतला. पुन्हा भरला. राहू दिला.

मी अजून कळवलेलं नाही. कामच इतकं आहे.

२५ मार्च

कार्यशाळेच्या दारातले म्हातारे वडील: "मग, कधी जाणार पाखरू?" म्हटलं, बघू, तिथलं जेवण काही बरं वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "जेवण काय हो," म्हणाले, "जेवण कुठलंही असतं."

तिला सर्दी लवकर होते. तिथे रस्त्याकडची खोली. रात्री पाय दुखले तर ती कुणाला सांगेल? इतर पाचजणी कशा आहेत कोण जाणे. मदतनीस बाई बऱ्या वाटतात, पण बदलतात. हे सगळं खरं आहे. आज हे सगळं मनात एकाखाली एक मांडलं. एवढं नीट मांडलेलं पाहिलं की मला संशय येतो.

२७ मार्च

दुपारी फोन केला. मी म्हटलं, "ती नाही म्हणते."

समाजसेविकेनं विचारलं, "नाही म्हणाल्या? त्या स्वतः?" हो म्हटलं. "बरं," म्हणाली. कसा सोपा गेला माझा हो.

संध्याकाळी बेबीला सांगितलं, खोली भरली. दुसरं कोणीतरी आलं.

"कोण?"

"आहे एक. दुसरी बेबी."

तिनं विचार केला. मग म्हणाली, "तिला सांग, कडी वर ओढायची. मग ढकलायची."

सांगीन म्हटलं.

पिशवी तशीच दाराशी आहे. ती रिकामी करत नाही, मीही केली नाही.

२९ मार्च

काही नाही. बेबी सूप प्यायली. रिमोट पिशवीत असल्यामुळे टीव्ही बंद.

३० मार्च

समाजसेविकेचा फोन, कामावर. सकाळी कार्यशाळेत जाऊन आली. "नकार असला तर तो त्यांच्या तोंडूनच ऐकावा लागतो. तसा नियम आहे. तुम्हाला माहीत नसेल." आवाज चढवला नाही. पुढच्या सोमवारी बेबीला न्यायला निवासाची गाडी येईल, म्हणाली.

मी विचारलं, ती काय म्हणाली?

"म्हणाल्या, अक्का चुकते कधीकधी. तिला रागावू नका."