आईच्या हनुवटीची कड

आंधळगाव, ५ नोव्हेंबर १९८७

चि. इश्वर यास चंद्रकलाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत, धान कापणीला आलं आहे. बाबांच्या डोळ्यांचं मात्र ठीक नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार टिकणार नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले की, चंद्रकलाच्या मायचं तोंड एकदा पाहाले भेटलं असतं तर बरं झालं असतं.

आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तिचा एकच फोटो आहे, पुष्पामावशीच्या लग्नातला. कोपऱ्यात सुपारीएवढा चेहरा. मोहाडीच्या फोटोवाल्याने हात टेकले. तू तिकडे उपग्रहाची चित्रं बघतोस म्हणे. आकाशातून अख्खं जंगल बघणाऱ्याला स्वतःची आई मोठी करून बघता येत नाही का? फोटो सोबत आहे, जप.

लोभ आहेच, तो पत्र टाकून दाखवत जा.

चंद्रकला

नागपूर, २२ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस इश्वरचा शि. सा. नमस्कार.

तुझा टोमणा पोचला आणि कामी आला. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर वापरू दिला. त्याने फोटोचे चौकोनी कण केले आणि आई पडद्यावर मोठी झाली. पण गाल, नाक, पदर, सगळ्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. विटा रचल्यासारखं दिसत होतं.

मग मी एक ओळ टाइप केली. ती हुकमाची ओळ असते: प्रत्येक कणाने शेजाऱ्यांकडे बघून आपला रंग थोडा बदलावा. बटण दाबलं. वरून एकेक रेघ बदलत खाली आली आणि पायऱ्या विरत गेल्या, धानाच्या बांधीतल्या मातीच्या धुऱ्यावरून चिखलाचा हात फिरवावा तशा. ताई, मी आईला पहिल्यांदा पाहिलं. एवढ्याशा ओळीत एवढं मावतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. साहेबही खुर्चीतून उठून उभे राहिले.

हनुवटीवर माशीने घाण केल्यासारखे काळे डाग होते. तोच हुकूम जोराने पुन्हा दिला, तेही गेले. पडद्याचा फोटो काढून पाठवतो आहे. बाबांना नमस्कार, तुझी माया असू दे.

इश्वर

आंधळगाव, ३० नोव्हेंबर १९८७

चि. इश्वर यास आशीर्वाद.

बाबांनी अंगणात, उन्हात फोटो धरला. मग म्हणाले की, बाई देखणी आहे, पण हे कोण होय ते मले ओळखू येऊन नाही राहिलं.

मी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. अरे, ती माशीची घाण नव्हे, आईचं गोंदण होतं! हनुवटीवर तीन ठिपके. बाबा तिला बाजाराच्या गर्दीतही त्यावरून ओळखायचे. तुला कोणी सांगितलंच नाही, तू तरी काय करणार. पण आता उशीर लावू नकोस. त्यांना सकाळच्या उजेडातच काय ते दिसतं.

तुझी काळजी वाहणारी,
चंद्रकला

नागपूर, ९ डिसेंबर १९८७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पहिलं चित्र राखून ठेवलं होतं. या वेळी ठिपक्यांभोवती चौकट आखली आणि तेवढा भाग सोडून द्यायला कॉम्प्युटरला सांगितलं. तिथे हनुवटीची कड जरा ओबडधोबड राहिली आहे, मी तिला हात लावला नाही. माझ्याच आईचं गोंदण मी पुसलं, हे मनातून जात नाही. बाबा काय म्हणतात ते कळव.

इश्वर

आंधळगाव, १७ डिसेंबर १९८७

चि. इश्वर यास अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि हनुवटीवर बोट ठेवलं. आपल्याकडे माणूस बायकोचं नाव घेत नाही; बाबांच्या तोंडून ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाबा हळूच रुखमा म्हणाले. मी दारातच उभी राहून रडले.

तुला त्यांचा निरोप आहे. पोराले बलाव म्हणाले, डोळ्यात उजेड आहे तवरिक त्याले तिच्या बाजूले बसलेला पाहून घेतो. या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, गाडी धर.

वाट पाहणारी,
तुझी ताई