कार्ड निवडून झालं

प्रिय पंख्या,

तुझं खरं नाव मला माहीत आहे, पण आमच्या घरात तुला त्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही. तुम्ही दोघं खेळायला बसलात की तुझ्या कम्प्युटरचा पंखा फोनमधूनसुद्धा घरघरायचा आणि आमचा मुलगा ओरडायचा, पंख्या, आधी तो ट्रक बंद कर. तेव्हापासून तू पंख्याच. मी हे चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे, काचा घासायच्या यंत्राशेजारी. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. फोनवर मला एवढं सगळं नीट सांगता येणार नाही, आणि घरातून बोलले तर काकांना ऐकू जाईल. आज त्यांच्याजवळ माझी नणंद आहे, म्हणून मी कामावर येऊ शकले. काका मजेत आहेत. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचा मुलगा गेल्यावर तू आलास, खुर्चीच्या कडेवर बसलास आणि लगेच उठून गेलास. नंतर फोन केला नाहीस. त्याचा मला राग नाही. काय बोलायचं ते आम्हालाच कळत नव्हतं, तुला कुठून कळणार.

तो दवाखान्यात होता तेव्हाचं तुला थोडंफार माहीत असेल. त्याला खेळासाठी कम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आणि काकांना आधी त्याचं नाव काढलं तरी हसू यायचं. एवढ्या पैशात दोन फ्रीज येतात आणि ते निदान दूध तरी सांभाळतात, असं म्हणायचे. आयुष्यभर फ्रीज दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! पण खाटेशेजारी बसून बसून करायचं काय? एकदा त्यांनी सहज विचारलं की हे तुझं कार्ड वीज किती खातं आणि गरम किती होतं. झालं. आमचं पोर उशीला टेकून बसलं. तापमान, पंखे, वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, हा तर काकांचाच प्रांत. त्या दिवसापासून दोघांचं जे सुरू झालं ते रोजचंच. तो म्हणायचा, सगळ्यात वरचं कार्ड म्हणजे नुसती शोभा, त्याच्या खालचं घेतलं तर खेळ जवळजवळ तितकाच पळतो आणि किंमत मात्र धाडकन उतरते. काका म्हणायचे, घ्यायचं तर वरचंच घे, मग दहा वर्षं बघायला नको. त्यावर तो म्हणायचा, बाबा, हा फ्रीज नाही, हे दोन वर्षांत म्हातारं होतं. मध्येच लाल कंपनीचं निघायचं, कंपन्यांना ते रंगानेच ओळखायचे, त्यात मेमरी जास्त. मग हिरव्या कंपनीचं, त्यात उजेड-सावल्या खऱ्यासारख्या. सलाइन बदलायला येणारी नर्स दारातूनच विचारायची, काय हो, ठरलं का तुमचं कार्ड? दोघं एकदम नाही म्हणायचे. तो बरा होऊन घरी आला की घ्यायचं होतं. ठरायचंच राहिलं.

पुढचं तुला माहीत नाही. काकांनी ते सोडलं नाही. कामावरून सुटले की खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच ठेवून कम्प्युटरच्या दुकानांतून फिरायचे. एक दुकानदार तर त्यांना हात जोडून म्हणाला, काका, तुम्ही या माझ्या जागी बसा, मी जातो फ्रीज दुरुस्त करायला. हे मला त्यांनीच हसत सांगितलं. जेवताना मला रोज नवीन बातमी. आपल्या पडद्याला वरचं कार्ड म्हणजे वाया घालवणं आहे. जुनं घेतलं तर स्वस्त पडतं, पण ते कुणी कसं राबवलंय ते कळत नाही. अमुक एक कार्ड कम्प्युटरच्या डब्यातच मावणार नाही, डबा बदलावा लागेल. मी हो का, हो का म्हणायचे. नातेवाईक म्हणाले, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, ते सगळं विकून टाका आणि खोली रिकामी करा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सांगायला काहीतरी असायचं म्हणून ते घरी यायचे, ताटावर बसायचे आणि दोन घास जास्त जेवायचे. नवीन कार्ड बाजारात आलं आणि जुन्याची किंमत उतरली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्यानेच खाटेवरून उलट उत्तर दिलंय. मी विचारणं बंद केलं की घेणार आहात का आणि खेळणार कोण. मला वाटलं, चालू दे. ठरत नाही तोवर दोघांचं बोलणं चालू आहे.

गेल्या आठवड्यात ते कार्डाचं खोकं घेऊन आले.

ठरलं, म्हणाले. पोराचंच बरोबर होतं, वरच्याच्या खालचं. मग त्याच्या खोलीत गेले, टेबल पुसलं, जुनं कार्ड काढलं, नवीन बसवलं, तारा एकत्र बांधल्या. मी दारात उभी होते. कम्प्युटर सुरू झाला, पडदा उजळला. त्यांनी मागून येणाऱ्या वाऱ्यावर तळहात धरला, थोडा वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, झालं. खेळ लावून बघितला नाही. सगळं बंद करून वरून चादर घातली आणि बाहेर आले. त्या खोलीत ते परत गेलेले नाहीत.

पंख्या, मी या माणसाला इतकी वर्षं काम संपवताना बघते आहे. फ्रीज गार व्हायला लागला की ते हत्यारं गोळा करतात, फरशी पुसतात आणि निघतात. चहा घेऊन जा म्हटलं तरी थांबत नाहीत. सध्या घरात तसंच चाललंय. फ्रीजमध्ये गॅस भरायची गेज आणि पाइप त्यांनी गल्लीतल्या मिस्त्रींना देऊन टाकले. आता गुडघे साथ देत नाहीत, असं कारण सांगितलं. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मला पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते दाखवलं आणि माझ्याकडून दोनदा बंद-चालू करून घेतलं. बँकेत जाऊन सह्या करून आले. रोज दाढी करतात. गाढ झोपतात. परवा भाजी निवडताना माझ्याशेजारी बसले आणि विचारलं, वेळ आली तर तू माझ्या बहिणीकडे राहशील ना, तुमचं दोघींचं पटतं. मी म्हटलं, कसली वेळ? तर हसून शेंगा सोलायला लागले. नणंद म्हणते, वहिनी, दादा सावरला बघ, देवाचे आभार मान. मी मान हलवते. आणि उठून काका कुठे आहेत ते बघून येते.

मी सरळ विचारलंसुद्धा. तुमच्या मनात काय आहे ते सांगा, म्हटलं. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस, म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आमच्यात असं कधी नसतं. डॉक्टरांशी मी एकटी बोलून आले. त्यांनी माझं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. काकांना घेऊन या, म्हणाले, आणि तोवर एकटं सोडू नका. मी आणि नणंद, आम्ही दोघी सोडत नाही. पण ते दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. मला काय धाड भरलीय, म्हणतात.

आता तुला का लिहिते ते सांगते. मी काकांना म्हणून बघितलं की तुम्ही चुकीचं कार्ड घेतलंत. ते माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघून हसले, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला कळतं. यातलं पंख्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तो स्वतः म्हणायचा आणि काकांनी ते ऐकलेलं आहे. तू त्यांना फोन कर. म्हण, काका, हे काय घेऊन बसलात? मेमरी कमी पडणार, नवीन येतंय, लाल कंपनीचं बघितलं का, दुकानदाराने तुम्हाला गंडवलं. खरं बोल, खोटं बोल, काय वाटेल ते बोल. त्यांना राग येऊ दे. तावातावाने तुला पटवायला लागू दे, परत दुकानं पालथी घालू दे. तेवढ्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेते, ओढत न्यावं लागलं तरी नेते. तुला येता आलं तर येच, पण आधी फोन कर. आजच. हल्ली ते पहिल्याच रिंगला फोन उचलतात, कुणाचं काही बाकी राहू नये म्हणून. नमस्कार-चमत्कारात वेळ घालवू नकोस, सरळ भांडायला लाग. आणि एक सांभाळ. ते जे म्हणतील ते मान्य करू नकोस, तुझंही त्यांच्या गळी उतरवू नकोस. काही ठरू देऊ नकोस.

तुझीच,
काकू