खातं बहिणीच्या नावाचं

डोणगाव, बुधवार, दिवेलागण

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानातलं गेमचं मशीन तापून बंद पडलं, तेव्हा निदान लाल दिवा तरी लागला होता. मी ते उघडलं, साफ केलं, चालू झालं. आता मशीन ठणठणीत आहे, पण सोमवारी पेपरात आलं की कंपनीच्या सर्व्हरमध्ये चोर शिरले. खेळणाऱ्यांची नावं, पासवर्ड, सगळं नेलं. ना दिवा, ना आवाज. मी काय उघडू?

समोर कृषी केंद्रावर बीटी कपाशीच्या बियाण्यासाठी रांग लागली होती, पण माझं लक्षच नव्हतं. कारण मशीनचं ऑनलाइन खातं मी बहिणीच्या, वर्षाच्या, ईमेलवर काढलंय. तिला न विचारता. पासवर्डही तिच्या ईमेलचाच. त्याच ईमेलवरून तिनं नर्सिंगचा फॉर्म भरलाय.

मशीन बिघडलं तेव्हा गावभर सांगत फिरलो. हे मात्र दोन दिवस दडवलं. काऊन?

आज चहा पिताना वर्षाला सांगून टाकलं.

“कंपनीची चूक हाय वं,” मी म्हणालो.

“कंपनीले माह्यं नाव कोणं देल्लं, दादा?” ती म्हणाली.



मग तिनं माझ्याच दुकानात बसून पासवर्ड बदलला. फॉर्म शाबूत निघाला. नवा पासवर्ड टाकताना तिनं कीबोर्डवर हात आडवा धरला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.