बंद घरातला ठिपका

मंगळवार, तिन्हीसांज

दरड कोसळली तर काय करायचं, त्याच्या सरावाला आज वाडीत बचाव पथक आलं होतं. त्यांचं यंत्र भिंतीला लावलं की पलीकडच्या माणसाच्या श्वासाची हालचाल पडद्यावर ठिपका होऊन दिसते. रिकामं घर कसं दिसतं ते दाखवायला त्यांनी शेजारच्या काकांचं बंद घर निवडलं. काका मुंबईला, चावी आमच्याकडे. तरी ठिपका आला.

"पंखा चालू राहिला असेल," म्हणत पथकाचे साहेब पुढे गेले. मीही हसले. पण मेन स्विच मीच बंद ठेवते.

हे म्हणतात, "मांजर असेल गो."

असेल. तो ठिपका डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी तिथे देवाजवळ दिवा लावला, मागची कडी आतून लागलेली बघितली, पुढे कुलूप घातलं. कुलूप अजून तसंच आहे.

म्हणजे मी वात सारखी करत होते, तेव्हा तो आतच होता.